घर सोडण्याची तयारी

वैतरणा नदी समुद्रास जेथे मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर दातिवरे हे गाव वसलेले आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वैतरणेची रुंद खाडी, आणि खाडीच्या मुखापाशी, पलीकडच्या अंगास, पाण्यात उभा असलेला अर्नाळ्याचा किल्ला, असे या गावाचे स्थान आहे. पूर्वेस सफाळे स्टेशन. त्याच्याही पूर्वेस तांदुळवाडीचा डोंगर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हापासून हे गाव पालघर जिल्ह्यात मोडते. समुद्रावर उपजीविका करणारी कुटुंबे, भातशेती व वाड्या करणारी कुटुंबे, आणि मुलगा मुंबईस नोकरीला असल्यामुळे महिन्याकाठच्या पैशावर चालणारी कुटुंबे, अशी सर्व तऱ्हेची घरे या किनाऱ्यावरील गावांतून आढळतात.

घर सोडून जाण्याच्या प्रसंगाचा विचार करण्यास असले गाव फार सोयीचे आहे. याचे कारण असे की, या भागात संकट एकाच दिशेने येत नाही. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत डोंगराच्या बाजूस वणवा पेटतो. वैशाख-ज्येष्ठात व पुन्हा आश्विन-कार्तिकात समुद्रावरून वादळ येण्याचा संभव असतो. उत्तरेकडे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, तेथे रसायनांच्या कारखान्यांस आग लागते. डहाणू-तलासरीकडे तर नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले, आणि थंडीच्या दिवसांत माणसांना उघड्यावर रात्री काढाव्या लागल्या. संकटे चार, परंतु गृहस्थापुढे येणारा प्रश्न एकच: घर सोडावे की न सोडावे; आणि सोडावयाचे झाल्यास केव्हा, कोणासह व काय बरोबर घेऊन?

‘आग लागल्यावर विहीर खणणे’ हा वाक्प्रचार मराठीत सर्वांच्या तोंडी आहे. तो ऐकून प्रत्येकजण मान डोलावतो. परंतु आग लागण्यापूर्वी विहीर खणून ठेवलेली घरे मोजावयास बसल्यास हाताची बोटे पुरून उरतील. यात आळसाचा भाग थोडा आहे, आणि मनाच्या एका विशिष्ट ठेवणीचा भाग फार मोठा आहे. ती ठेवण समजावून घेतल्याखेरीज नुसत्या सूचनांची यादी वाचून कोणाचेही घर वाचणार नाही.

प्रथम वणव्याचा विचार करू जाता असे दिसते की, पावसाळ्यात पुरुषभर वाढलेले गवत मार्गशीर्षानंतर वाळू लागते व होळीच्या सुमारास त्याची नुसती काडी उरते. सागाची पाने गळून जमिनीवर थर साचतो. अशा वेळी एक विडीचे थोटूक पुरते. पावसाळ्यानंतर नवे गवत चांगले फुटावे म्हणून काही जण जुने गवत मुद्दाम पेटवितात. मोहाची फुले वेचणे सुलभ जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो. आणि भाताच्या रोपासाठी जमीन भाजण्याची, म्हणजे राब करण्याची, कोकणातील जुनी चाल तर सर्वांस ठाऊकच आहे. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो. परंतु विस्तवास हेतू कळत नाही. त्यास वारा कळतो आणि उतार कळतो.

या दोन गोष्टी ज्यास समजल्या, त्यास वणव्याचे अर्धे गणित सुटले असे म्हणावयास हरकत नाही. आगीच्या ज्वाळा वर झेपावतात; म्हणून चढावरचे गवत आधीच तापून वाळते व आग वर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा जंगलातील आगीशी झुंजणाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणून वणव्याच्या पुढे डोंगर चढून पळणे हे साक्षात मृत्यूच्या तोंडी जाणे होय. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी गिर्यारोहणास गेलेली मंडळी अशाच आगीत सापडली व वीसहून अधिक जणांचे प्राण गेले.

वाऱ्याची गोष्ट दातिवऱ्यासारख्या गावी अधिक मनोरंजक आहे, आणि अधिक गंभीरही आहे. समुद्रकाठी दिवसा जमीन तापते व दुपारी समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहतो. रात्री जमीन लवकर निवते व वारा उलट फिरून समुद्राकडे जातो. अर्थात् पूर्वेकडील डोंगरावर पेटलेला वणवा दुपारी बहुधा गावापासून दूर रेटला जातो. परंतु किनाऱ्याजवळ कोठे आग लागली, तर तोच दुपारचा वारा तिला सरळ वस्तीकडे आणील. आणि या किनाऱ्यावर जागोजागी सुरूची बने आहेत. वाळू अडविण्यासाठी व वाऱ्याचा जोर मोडण्यासाठी ही झाडे उपयुक्त. पण त्यांच्या खाली सुयांसारख्या वाळलेल्या काड्यांची जी गादी साचते, ती वैशाखात कापसासारखी पेट घेते. सहलीस आलेल्या मंडळींनी तीन दगडांची चूल मांडून जेवण केले आणि निखारे वाळूत न पुरताच परतीची गाडी गाठली, तर सायंकाळच्या आत काय घडू शकेल याची कल्पना कोणासही करता येईल.

या प्रदेशात वणव्यामुळे गावेच्या गावे रिकामी करण्याचा प्रसंग सहसा येत नाही, हे सुदैव होय. येथील वणवा बहुधा जमिनीलगत धावणारा असतो. तो डोंगर जाळतो, गवताच्या गंज्या जाळतो, पाड्यावरील एखादे कुडाचे घर जाळतो. पण मोठ्या वस्तीपाशी येऊन थबकतो. याउलट जगात इतरत्र काय घडले ते पाहिले म्हणजे छाती दडपते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात ७ फेब्रुवारी २००९ रोजी, ज्यास तेथील लोक ‘काळा शनिवार’ म्हणतात त्या दिवशी, १७३ माणसे मृत्युमुखी पडली. घर राखण्यासाठी मागे राहावे की निघून जावे, हे गृहस्थाने स्वतः ठरवावे, असे धोरण तोवर तेथे होते. त्या शनिवारी पुष्कळजण आपल्या घरातच किंवा घराच्या आसपास गेले. त्यानंतर तेथील सूचनेचा सूर पालटला: भयंकर उष्म्याच्या दिवशी लवकर निघून जाणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय, असे स्पष्ट सांगण्यात येऊ लागले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पॅराडाइज नावाचे गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळच्या काही तासांत भस्म झाले व त्या आगीत ८५ माणसे दगावली. हजारो माणसे एकाच वेळी मोटारी काढून निघाली आणि रस्ते तुंबून गेले. त्याच वर्षी २३ जुलै रोजी ग्रीस देशात अथेन्सजवळील माती या समुद्रकाठच्या वस्तीत वणवा शिरला. पुढे समुद्र, पाठीशी अग्नी. लोक पाण्याकडे धावले. परंतु अरुंद वाटा, बंद कुंपणे व धूर यांमुळे कित्येकांना पाण्यापर्यंत पोहोचताच आले नाही. शंभराहून अधिक माणसे तेथे गेली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या आगीत हजारो घरे जळाली, तेव्हा त्या प्रदेशात राहणाऱ्या आप्तांच्या काळजीने मुंबई-पुण्यातील पुष्कळ घरांतून रात्री-अपरात्री दूरध्वनी झाले. दूरची आग म्हणून तिच्याकडे पाहण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

मातीच्या रहिवाशांस अग्नीने समुद्राकडे लोटले. दातिवऱ्याकडील रहिवाशांवर प्रसंग आला तो उलट, समुद्राने जमिनीकडे लोटण्याचा. या गावाच्या पश्चिमेस व दक्षिणेस पाणी असल्यामुळे संकटकाळी बाहेर पडण्यास उत्तर व पूर्व या दोनच दिशा उरतात. म्हणून येथील तयारीस विलंब चालत नाही.

मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यास वादळ अगदीच अपरिचित आहे असे नव्हे. नोव्हेंबर १९४८ चे वादळ जुन्या मंडळींच्या बोलण्यात पुष्कळ वर्षे येत असे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ नावाचे वादळ कोकणावर आले. तथापि सामान्यतः चक्रीवादळ म्हणजे बंगालच्या उपसागराची पीडा, असा समज या बाजूस रूढ होता; आणि त्या समजास ३ जून २०२० रोजी धक्का बसला. त्या दिवशी ‘निसर्ग’ नावाचे वादळ मुंबईकडे येत असल्याची वार्ता होती. समुद्रात गेलेल्या नौका परत बोलाविण्यात आल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पालघर जिल्ह्यात दाखल झाल्या. वसई, पालघर, डहाणू व तलासरी या चारही तालुक्यांच्या किनाऱ्यावरील हजारो माणसांना सुरक्षित जागी हलविण्याचे काम सुरू झाले.

ती वेळ अशी होती की, घराबाहेर पडू नये असे अडीच महिने ज्या लोकांस बजावण्यात येत होते, त्यांनाच आता घराबाहेर पडा असे सांगावयाचे होते. करोनाची साथ भरात होती. एका खोलीत दहा माणसे बसविणे हाच एरवी अपराध ठरला असता. आणि शाळेच्या इमारतींत तर अनेक कुटुंबांची सोय करावयाची. एका संकटाचा नियम दुसऱ्या संकटाच्या नियमाशी असा समोरासमोर उभा राहिल्यावर सामान्य माणसाने काय करावे?

अशा एका घराची कल्पना श्रोत्यांनी करून पाहावी. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर कौलारू घर आहे. घरात सत्तरी ओलांडलेली आई, तिचा मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात अशी चार माणसे आहेत. परसात एक गाय आहे, पडवीत दुरुस्तीस काढलेली जाळी पडली आहेत. दवंडी येऊन गेली, ग्रामपंचायतीची माणसे येऊन गेली. सून कपाटातील कागद काढीत आहे, मुलगा जाळी माळ्यावर टाकीत आहे, आणि आई मात्र ओटीवर बसली आहे ती हलत नाही.

“तुम्ही सगळी जा. घर मी राखीन,” ती म्हणते. “पन्नास वर्षांवर झाली मला या घरात येऊन. समुद्राने अजून हा उंबरठा ओलांडला नाही.”

“आई, उगाच हट्ट करू नकोस,” मुलगा म्हणतो. “सरकारचा हुकूम आहे.”

हुकुमाने म्हातारी हलत नाही. तेव्हा सून हातातील कागद खाली ठेवते व तिच्या जवळ येऊन बसते. “आई, तुम्ही आला नाहीत तर हेही यावयाचे नाहीत. हे राहिले तर माझा पाय निघेल का? मग या पोरीला कोणाच्या हाती देऊन पाठवू, ते तुम्हीच सांगा.”

म्हातारी काही वेळ बोलत नाही. मग ती उठते, देव्हाऱ्यातील देव एका फडक्यात बांधते आणि गाईचे दावे सोडावयास परसात जाते.

हे चित्र कल्पनेतील असले, तरी अशा घराचा अनुभव गावोगावच्या तलाठ्यांस व पोलीसपाटलांस आहे. घर न सोडण्याची कारणे माणसे निरनिराळी देतात: चोरी होईल, गुरांना कोण पाहील, दुखणाईत माणसास कसे न्यावे, परक्या जागी शौचास कोठे जावे, पूर्वी इतकी वादळे आली तेव्हा काय झाले? यांपैकी एकही कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. प्रत्येक कारणास आधीपासून उत्तर तयार असले पाहिजे. ऐन वेळी दिलेला धाक हे उत्तर नव्हे. गुरांची सोय ठरलेली असेल, तर गुराख्याचा पाय निघतो. निवाऱ्याच्या जागी स्त्रियांसाठी आडोसा आहे हे ठाऊक असेल, तर सून सासूचे मन वळवू शकते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, मागे राहणारा माणूस एकटा कधीच राहत नाही. त्याच्या मायेने बांधलेली आणखी दोन-तीन माणसे तो आपणाबरोबर संकटात ओढीत असतो.

पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर येथील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पालघरच्या किनाऱ्यावर मात्र ज्या संहाराची धास्ती होती, तो झाला नाही. बिऱ्हाडे आपापल्या घरी परतली. कौले जागच्या जागी होती, चुली जशा सोडल्या तशाच होत्या. आणि मग जे होते ते झाले असणार: “कोठे गेले तुमचे वादळ?” असा प्रश्न, आणि त्याच्या मागून हसणे.

या हसण्यातच खरा धोका आहे. पहिल्यांदा घर सोडणे कठीण असते. परंतु एकदा घर सोडून ते व्यर्थ गेल्यासारखे वाटल्यानंतर दुसऱ्यांदा घर सोडणे त्याहूनही कठीण असते. हे दुसऱ्यांदा विचारणे फार लवकर आले. एक वर्षही पुरे झाले नव्हते तोच, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे निघाले. ब्रह्मदेशाने सुचविलेल्या या नावाचा अर्थ एका जातीची पाल असा आहे. १७ मे रोजी ते मुंबईच्या समोरून समुद्रातूनच पुढे गेले व रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. ते पालघरच्या भूमीवर आले नाही. परंतु त्याच्या नुसत्या कडेच्या वाऱ्याने छपरे उडाली, झाडे व विजेचे खांब पडले, आणि आंबा-चिकूच्या बागाईतदारांचे हातातोंडाशी आलेले पीक मातीस मिळाले. मागील वर्षी हसलेल्या माणसांपैकी ज्यांनी या खेपेस सूचना मनावर घेतली नसेल, त्यांची ती रात्र कशी गेली असेल?

म्हणून घर सोडण्याच्या तयारीस वाया गेली असे कधीच म्हणू नये. पाऊस न पडलेल्या दिवशी छत्री बरोबर नेल्याने कोणाचे काही बिघडत नाही. वादळाची वाट शेवटच्या काही तासांत पन्नास-शंभर किलोमीटर इकडे-तिकडे होते, हा त्या शास्त्राचा दोष नसून वाऱ्याचा स्वभाव आहे. वणव्याचेही तसेच आहे; वारा फिरला तर गावावर येणारी आग ओढ्यापाशी थांबते. ती थांबली म्हणून निघून गेलेला माणूस भित्रा ठरत नाही.

या म्हणण्यास पुरावा पाहिजे असेल तर तो आपल्याच देशात आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओरिसावर जे महाचक्रीवादळ आले, त्यात सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, वार्ता पोहोचविण्याची साधने सुधारली. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ वादळ पुरीपाशी आदळले, तेव्हा सुमारे बारा लाख माणसांनी आधीच घरे सोडली होती. घरे पडली, झाडे पडली. परंतु त्या राज्यात दगावलेल्यांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वारा तोच, समुद्र तोच, किनाराही तोच. अंतर पडले ते घर वेळेवर सोडण्याने.

आता प्रत्यक्ष तयारी म्हणजे काय, ते पाहावयाचे. ती तीन वेळी करावयाची असते: संकटाचे नावही नसताना, वार्ता आल्यावर, आणि निघताना.

संकटाचे नाव नसतानाची तयारी सर्वांत महत्त्वाची व सर्वांत दुर्लक्षित होय. प्रत्येक घरी एक पिशवी खुंटीवर तयार असावी. तीत सातबाराचा उतारा, शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक, विम्याचे कागद, मुलांचे शाळेचे दाखले आणि मासेमारी करणाराच्या घरी नौकेच्या नोंदणीचे कागद, पाणी न शिरणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणात घालून ठेवावेत. नेहमीच्या औषधांचा आठवड्याचा साठा व वैद्याची चिठ्ठी, एक विजेरी, थोडी सुटी नाणी-नोटा, चष्म्याची दुसरी जोडी आणि आप्तांचे दूरध्वनीचे आकडे कागदावर लिहिलेले, इतके तीत असले म्हणजे पुरे. आकडे कागदावर कशास, असे तरुण मंडळी विचारतील. खिशातील यंत्राची शक्ती संपली म्हणजे सख्ख्या भावाचा आकडाही आठवत नाही, हे त्याचे उत्तर.

डोंगराजवळ किंवा सुरूच्या बनाजवळ राहणाराने फाल्गुन लागण्यापूर्वी घराभोवतीचे वाळलेले गवत काढावे, कौलांवर व पन्हळीत साचलेला पाला झाडावा, आणि पेंढ्याची उडवी व जळाऊ लाकडे घरापासून दूर हलवावीत. ज्वाळा घराशी येण्यापूर्वी वाऱ्यावर उडून आलेल्या ठिणग्याच पुष्कळदा घर पेटवितात; आणि ठिणगीस बसावयास जागा न ठेवणे हे गृहस्थाच्या हाती असते. वनखाते डोंगरावर गवत कापून व जाळून जे मोकळे पट्टे काढते, त्यांस जाळरेषा म्हणतात. तशीच एक लहानशी जाळरेषा प्रत्येकाच्या अंगणाभोवती असावी. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने जंगलातील आगीची सूचना देण्यास आरंभ केला आहे. परंतु आकाशातून दिसणारी आग विझविण्यास जमिनीवरचाच माणूस लागतो.

दुसरी वेळ वार्ता आल्याची. हवामानखात्याचे इशारे पिवळा, नारिंगी व लाल अशा चढत्या रंगांनी दिले जातात. नारिंगी रंग दिसताच दुखणाईत, वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांस आधी पाठवून द्यावे. लाल रंगाची वाट पाहू नये. मोबाईल भरून ठेवावा, पिण्याचे पाणी भरून घ्यावे, उडून जाण्यासारखी पत्रे व भांडी आत घ्यावीत. वार्ता आकाशवाणीवरून, जिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा ग्रामपंचायतीकडून आली असेल तीच खरी मानावी. कोणी कोणास पाठविलेल्या निनावी मजकुरावर धावाधाव करू नये, आणि तो पुढेही पाठवू नये. अडचणीच्या वेळी ११२ हा सर्वसाधारण आकडा, १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा आकडा आणि वणव्यासाठी १९२६ हा वनखात्याचा आकडा ध्यानात असावा.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. प्रत्येक संकटात घर सोडणेच योग्य असे नव्हे. ११ जानेवारी २०२० रोजी सायंकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रसायनाच्या कारखान्यात स्फोट होऊन त्याचा हादरा दूरवर बसला, तेव्हा कित्येक माणसे काय झाले ते पाहावयास रस्त्यावर आली. विषारी वायू सुटला असेल अशा वेळी हे अत्यंत अनिष्ट होय. तेव्हा घरातच राहावे, दारे-खिडक्या लावून फटी ओल्या फडक्याने बुजवाव्यात, आणि बाहेर पडण्याचा हुकूम मिळाल्यास वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघावे. तारापूरला १९६९ पासून चालू असलेल्या अणुवीजकेंद्राच्या आसपासच्या गावांसाठीही आणीबाणीची योजना आखलेली असते, आणि तीतही आरंभीचा उपदेश बहुधा घरात थांबून सूचनेची वाट पाहण्याचाच असतो. कोणत्या संकटात थांबावयाचे व कोणत्या संकटात निघावयाचे, हे घरातील नातवंडालाही पाठ असावे.

तिसरी वेळ निघण्याची. निघताना गॅसची टाकी बंद करावी, विजेचा मुख्य खटका खाली करावा, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. गुरांची दावी सोडावीत. दाव्याला बांधलेले जनावर पुरातही मरते आणि आगीतही मरते, मोकळे जनावर बहुधा आपली वाट आपण काढते. वणव्याच्या वेळी अंगावर सुती, पूर्ण हातापायांचे कपडे असावेत. नायलॉनसारखे कापड वितळून कातडीस चिकटते. पायांत चामड्याचे जोडे असावेत. वाट काढावी ती उताराकडे, मोकळ्या शेताकडे, किंवा आग जेथून पुढे निघून गेली त्या जळून काळ्या झालेल्या जमिनीकडे; ज्यास एकदा जाळले त्यास अग्नी सहसा पुन्हा जाळू शकत नाही. आपण कोठे जात आहो व किती माणसे बरोबर आहेत, हे शेजाऱ्यास सांगावे, किंवा दारावर खडूने लिहून ठेवावे. मागून शोधावयास येणाऱ्या तरुणांचे प्राण अशा एका ओळीने वाचतात. आणि एकदा निघाल्यावर विसरलेल्या वस्तूसाठी परत फिरू नये. ही शेवटची सूचना ऐकावयास सोपी आहे, पाळावयास सर्वांत कठीण आहे.

शहरातील सुशिक्षित श्रोत्यांस कदाचित असे वाटेल की, हा उपदेश दातिवऱ्याच्या लोकांसाठी आहे. परंतु ज्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर राहतो, तिच्या जिन्यात सायकली, फुलांच्या कुंड्या व मोडके फर्निचर कोणी कोणी ठेवले आहे, हे ज्याचे त्याने जाऊन पाहावे. आग लागल्यावर उद्वाहक वापरू नये हे ठाऊक असलेली, पण जिना मोकळा नसलेली घरे मुंबई-ठाण्यात थोडीथोडकी नाहीत. शिवाय गावचे घर व त्यातील वृद्ध आई-वडील पुष्कळांना आहेत. सुट्टीत गावी गेल्यावर आंबे खाऊन परतण्यापूर्वी त्यांची ती कागदांची पिशवी भरून खुंटीवर टांगून यावी. पैशाच्या मनीऑर्डरीपेक्षा ती सेवा मोठी आहे.

त्या कल्पनेतील घराचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. ३ जून २०२० ची ती पिशवी घरी परतल्यावर सुनेने उघडली नाही. तशीच खुंटीवर अडकवून ठेवली. नवऱ्याने थट्टा केली, तरी तिने ती हलविली नाही. पुढच्या वैशाखात ‘तौक्ते’ची वार्ता आली, तेव्हा मुलगा म्हणाला, “या खेपेसही काही होणार नाही.” सून काही बोलली नाही. ओटीवरची म्हातारी उठली, तिने खुंटीवरची पिशवी काढून नातीच्या गळ्यात अडकविली आणि म्हणाली, “न होऊ दे. झाले नाही तर उद्या येऊन चहा घरी पिऊ.”

तयारी याहून निराळी नसते.